९ डॉलर ९५ सेंटचा हिशेब

२००० साली अमेरिकेत इंटरनेटवरच्या जाहिरातींवर ८०९ कोटी डॉलर खर्च झाले. २००१ मध्ये हा आकडा ७१३ कोटींवर आला आणि २००२ मध्ये ६०१ कोटींवर. दोन वर्षांत चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसा या बाजारातून निघून गेला. शेअर बाजाराची पडझड याहून मोठी होती. १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर बंद झालेला नॅसडॅक निर्देशांक ९ ऑक्टोबर २००२ रोजी १,११४ वर होता, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याहत्तर गेले. मार्च २००१ मध्ये ४.३ टक्के असलेली बेरोजगारी जून २००३ मध्ये ६.३ टक्क्यांवर पोचली.

अशा दिवसांत स्वस्त इंटरनेट विकणाऱ्या कंपनीचं काय होतं? चटकन सुचणारं उत्तर असं की तिची चांदी होते, कारण खिसा आकसला की माणूस महागडी सेवा सोडून स्वस्तातली धरतो. तितकंच चटकन सुचणारं दुसरं उत्तर असं की तिचं दिवाळं निघतं, कारण तिच्या नफ्याचा थर आधीच पातळ असतो. अमेरिकेतल्या २००१ आणि २००८ या दोन मंद्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर दोन्ही उत्तरं अपुरी असल्याचं दिसतं. दोन्ही वेळा तीच एक सेवा बाजारात होती, नेटझीरो. दोन्ही वेळा तिचा दरही एकच होता, महिन्याला ९ डॉलर ९५ सेंट. पहिल्या मंदीत ती तगली आणि नफ्यात आली. दुसऱ्या मंदीत तिचे ग्राहक गळतच राहिले. या फरकाचं कारण लोकांच्या गरिबीत शोधून सापडत नाही. ते दोन प्रश्नांच्या उत्तरांत आहे: बिल नेमकं कोण भरतो, आणि एका ग्राहकाचा एक तास कंपनीला कितीला पडतो?

आधी धंद्याची घडण पाहू. डायल-अपच्या काळात ग्राहकाचा मोडेम फोनच्या तारेवरून कंपनीच्या मोडेमला फोन लावायचा. कंपनीकडच्या अशा प्रत्येक जागेला पोर्ट म्हणत. सगळे ग्राहक एकाच वेळी जोडले जात नाहीत, म्हणून साधारण दहा ग्राहकांमागे एक पोर्ट असला तरी काम भागायचं. त्याहून कमी ठेवले की संध्याकाळी एंगेज टोन ऐकू यायचा. स्वस्त सेवा देणाऱ्या बहुतेक कंपन्या हे पोर्ट स्वतः उभारत नसत. ज्यांचं देशभर जाळं होतं त्या मोठ्या दूरसंचार कंपन्यांकडून त्या ते घाऊक भावाने घेत आणि वर आपलं नाव लावून विकत. म्हणजे त्यांचा मुख्य खर्च एकच होता: ग्राहक जितके तास जोडलेला राहील तितक्या तासांचं घाऊक भाडं.

हा खर्च भागवण्याच्या तीन वाटा त्या काळात दिसल्या. अमेरिका ऑनलाइन, म्हणजे एओएल, डिसेंबर १९९६ पासून ग्राहकाकडून महिन्याला सरसकट १९ डॉलर ९५ सेंट घेत होती. ब्रिटनमध्ये डिक्सन्स या दुकानांच्या साखळीने सप्टेंबर १९९८ मध्ये फ्रीसर्व्ह सुरू केलं. त्याला वर्गणी नव्हती, पण तिथे स्थानिक फोनला मिनिटामागे पैसे पडत आणि त्यातला वाटा फ्रीसर्व्हला मिळे. ग्राहकाला सेवा फुकट वाटली, तरी तो फोनच्या बिलातून तिचे पैसे मोजतच होता. अमेरिकेत स्थानिक फोन सहसा मिनिटावर मोजला जात नसे, त्यामुळे ही वाट तिथे बंद होती. तिथे फुकट इंटरनेट द्यायचं तर पैसे जाहिरातदाराकडूनच यायला हवेत.

ऑक्टोबर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात नेटझीरो सुरू झाली ती याच तिसऱ्या वाटेने. ग्राहकाच्या पडद्यावर जाहिरातींची एक आडवी पट्टी कायम राहायची. ती इकडून तिकडे सरकवता यायची, पण बंद करता यायची नाही. बराच वेळ काही हालचाल दिसली नाही तर लाइन तोडली जायची, कारण समोर कोणी नसताना जाहिरात दाखवून उपयोग नव्हता. सप्टेंबर १९९९ मध्ये कंपनीने १६ डॉलरच्या भावाने एक कोटी शेअर विकून १६ कोटी डॉलर उभे केले. न्यूयॉर्कच्या जुनो या कंपनीने १९९६ मध्ये फुकट ईमेलपासून सुरुवात केली होती. मे १९९९ मध्ये तीही शेअर बाजारात आली आणि वर्ष संपता संपता तिनेही फुकट इंटरनेट सुरू केलं. १९९९ मध्ये इंटरनेटवरच्या जाहिरातींची उलाढाल ४६२ कोटी डॉलरची होती आणि २००० मध्ये ती ७५ टक्क्यांनी वाढली. त्या वेगाकडे पाहून ही वाट कोणालाही भक्कम वाटली असती.

पण त्या ८०९ कोटींत एक मोठी मेख होती. जाहिराती देणाऱ्यांतले कितीतरी जण स्वतःच नव्या इंटरनेट कंपन्या होते. गुंतवणूकदारांनी दिलेला पैसा ते एकमेकांच्या पट्ट्यांवर जाहिराती करण्यात घालत होते. शेअर बाजार कोसळला, नवी गुंतवणूक थांबली, आणि या जाहिरातदारांनी सर्वांत आधी जाहिरातीचा खर्च छाटला.

याचा फुकट सेवेवर काय परिणाम होतो, ते एका साध्या गणिताने पाहता येईल. पुढचे आकडे कोणत्याही कंपनीच्या वहीतले नाहीत, गणित समजावं म्हणून धरलेले आहेत. समजा, ग्राहकाचा एक तास कंपनीला १५ सेंटला पडतो. तासाभरात पट्टीवर ६० जाहिराती येऊन जातात. तेजीत हजार जाहिरातींमागे ५ डॉलर मिळतात, म्हणजे तासाला ३० सेंट. खर्च वजा जाता १५ सेंट उरले. महिन्याला ४० तास जोडलेल्या ग्राहकामागे ६ डॉलर सुटतात. आता भाव हजारामागे १ डॉलरवर आला असं धरा. तासाची आवक ६ सेंट झाली, खर्च १५ सेंटच राहिला. आता तासाला ९ सेंट पदरचे जातात. ४० तासवाला ग्राहक महिन्याला ३ डॉलर ६० सेंट खातो, १०० तासवाला ९ डॉलर खातो.

यात लक्षात घेण्याची गोष्ट अशी की तेजीत जो ग्राहक सर्वांत फायद्याचा, तोच मंदीत सर्वांत तोट्याचा ठरतो. शिवाय मंदीत तासही वाढतात. नोकरी गेलेला माणूस दिवसभर घरी असतो, कामाच्या जाहिराती शोधतो, अर्ज पाठवतो. त्याला इंटरनेटची गरज आधीपेक्षा जास्त असते. पाहणाऱ्याचे तास वाढतात आणि त्याला दाखवायच्या जाहिरातीचा भाव पडतो. नुकसान असं दोन्हीकडून येतं.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. फ्रीआय या कंपनीने ऑक्टोबर २००० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचे ग्राहक नेटझीरोने घेतले. अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राच्या नावाने फुकट जोडणी देणारी फर्स्टअप डिसेंबरात गुंडाळली गेली. केमार्ट या दुकानांच्या साखळीच्या ब्लूलाइट सेवेमागे असलेली स्पिनवे त्याच महिन्यात बंद पडली आणि ती सेवा ब्लूलाइटला स्वतःच्या हातात घ्यावी लागली. अमेरिकेची अधिकृत मंदी मोजली जाते ती मार्च २००१ ते नोव्हेंबर २००१ अशी. म्हणजे मंदी कागदावर सुरू होण्यापूर्वीच फुकट इंटरनेटचं कंबरडं मोडलेलं होतं.

उरलेल्या दोघांनी काय केलं, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. जुनोने फेब्रुवारी २००१ मध्ये एक योजना जाहीर केली. फुकट ग्राहकांचे घरचे संगणक रिकामे असतील तेव्हा त्यांच्यावर गणनेची कामं चालवायची आणि ती ताकद संशोधन करणाऱ्या कंपन्यांना विकायची. सेवेच्या अटींत तशी कलमं घातली गेली. ग्राहकाने सांगितलेलं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं, गरज पडल्यास संगणक सतत चालू ठेवायचा, आणि झालेलं काम परत पाठवण्यासाठी तो आपोआप फोन लावील याला संमती द्यायची. जाहिरातदार गेल्यावर बिल भरणारा दुसरा कोणी शोधण्याची ही धडपड होती, आणि ती गेली ग्राहकाच्या घरातल्या विजेपर्यंत आणि त्याच्या यंत्रापर्यंत. मला हे कलम त्या सबंध काळातलं सर्वांत बोलकं कागदपत्र वाटतं. सेवा फुकट आहे असं म्हटलं तरी तिचा खर्च कोणीतरी सोसतच असतो. जाहिरातदाराने तो सोसायचं थांबवलं की तो हळूहळू ग्राहकाकडेच सरकतो, आणि तेही उघड दर न सांगता.

नेटझीरोने घेतलेला मार्ग जास्त सरळ होता. जानेवारी २००१ पासून तिने फुकट वापराला महिन्याला ४० तासांची मर्यादा घातली. त्यापुढे वापरायचं तर ९ डॉलर ९५ सेंट भरा. पुढे ही मर्यादा १० तासांवर आली. त्याच वर्षी जाहिरातीची पट्टी नसलेली प्लॅटिनम सेवाही त्याच दराने बाजारात आली. तेव्हाच्या सुमारे ४७ रुपयांच्या भावाने हे महिन्याला ४७० रुपयांच्या आसपास होतात.

वरच्या गणितात हा दर घालून पाहू. महिन्याला ३० तास वापरणाऱ्या ग्राहकाचा खर्च साडेचार डॉलर होतो, ५ डॉलर ४५ सेंट उरतात. त्यातून बिलिंग, फोनवरची मदत आणि जाहिरात भागवायची. ग्राहक ६६ तासांवर गेला की उरलेलं सगळं संपतं. म्हणजे अमर्याद सेवेचा दर दहा डॉलरच्या आत ठेवायचा तर तीन गोष्टी लागतात. तासाचा घाऊक भाव उतरता हवा, फार वापरणारे फार नकोत, आणि ग्राहकामागचा बाकीचा खर्च अगदी कमी हवा. स्वस्त सेवांनी फोनवरच्या मदतीला मिनिटाप्रमाणे पैसे लावले, कागदी बिल टाळून क्रेडिट कार्डावर भर दिला, ईमेलची जागा मोजून दिली. ग्राहकाला यातलं बरंचसं जाचक वाटलं असेल. पण साडेपाच डॉलरमधून अर्ध्या तासाच्या फोनवरच्या मदतीचा पगार निघत नाही, हेही खरंच आहे.

तासाचा घाऊक भाव उतरला तो मंदीमुळेच. तेजीत दूरसंचार कंपन्यांनी मागणीच्या कितीतरी पट केबल जमिनीत पुरली होती आणि पोर्टांच्या खोल्या भरून ठेवल्या होत्या. मंदीत त्या रिकाम्या राहिल्या. अशांपैकी पीएसआयनेट २००१ च्या मध्यावर दिवाळखोरीत गेली. यूयूनेटची मालक वर्ल्डकॉम २१ जुलै २००२ रोजी गेली, १०७ अब्ज डॉलरची मालमत्ता ताळेबंदावर दाखवत. ज्यांच्या खोल्या रिकाम्या त्यांना मिळेल त्या भावाने पोर्ट विकणं भाग होतं. त्यामुळे स्वतःचं जाळं नसलेला, भाड्याने घेणारा स्वस्त विक्रेता या पडझडीत खरेदीदाराच्या बाजूला होता. मंदीने त्याचे ग्राहक गरीब केले हे खरं, पण त्याचे पुरवठादार त्याहून जास्त गरीब केले. माझ्या मते २००१ चं गुपित इथे आहे.

पण यातला धोकाही लहान नव्हता. नॉर्थपॉइंट ही डीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरूनच वेगवान इंटरनेट, पुरवणारी घाऊक कंपनी मार्च २००१ मध्ये बंद झाली. तिची सामग्री एटी अँड टीने घेतली, ग्राहक घेतले नाहीत. जवळपास एक लाख जोडण्या थोड्या दिवसांत मेल्या. ज्या लहान विक्रेत्यांनी नॉर्थपॉइंटच्या जिवावर ग्राहक जमवले होते, त्यांच्यापाशी देण्यासारखं काहीच उरलं नाही. घाऊक माल एकाच ठिकाणाहून घेतला तर तो स्वस्त पडतो, आणि तोच पुरवठादार बुडाला तर आपणही बुडतो. चार पुरवठादार ठेवले की भाव थोडा चढा पडतो, पण एक गेला तर ग्राहकाच्या संगणकातला फोन क्रमांक बदलून काम चालतं. मंदीत हा चढा भाव म्हणजे विम्याचा हप्ता असतो.

७ जून २००१ रोजी नेटझीरो आणि जुनोने एकत्र येण्याचं जाहीर केलं. २५ सप्टेंबरला युनायटेड ऑनलाइन ही नवी कंपनी झाली. नेटझीरोच्या पाच शेअरांमागे नव्या कंपनीचा एक मिळाला. १६ डॉलरला विकला गेलेला नेटझीरोचा शेअर त्या वर्षी एक डॉलरच्याही खाली गेलेला होता. दोन तोट्यातल्या कंपन्या जोडून एक नफ्यातली होते, यावर तेव्हा कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. पण या धंद्यात एकत्र येण्याला अर्थ होता. दोघांचे मिळून सुमारे ७० लाख वापरणारे झाले, म्हणजे घाऊक भावासाठी घासाघीस करण्याची ताकद आली. बिलिंगची एक यंत्रणा, मदतीचं एक केंद्र आणि एक मुख्यालय कमी झालं. जुनोचं हैदराबादमधलं कार्यालयही नव्या कंपनीच्या कामी आलं.

याच वेळी एओएलने स्वस्त सेवेला मोठा हात दिला. एओएलचा दर १९९८ मध्ये २१ डॉलर ९५ सेंट झाला होता. जुलै २००१ मध्ये, ऐन मंदीत, तो २३ डॉलर ९० सेंट झाला. ९ डॉलर ९५ सेंटशी त्याचा फरक महिन्याला १३ डॉलर ९५ सेंट, वर्षाला १६७ डॉलर ४० सेंट. आणि दोन्हीकडे मिळणारी गोष्ट जवळजवळ एकच होती: तीच फोनची तार, तोच ५६ केचा मोडेम, तोच खरखराट. एओएलचे अमेरिकेतले ग्राहक सप्टेंबर २००२ मध्ये २ कोटी ६७ लाखांच्या शिखरावर होते. २००३ अखेर ते २ कोटी ४३ लाख झाले, २००४ अखेर २ कोटी २२ लाख, २००५ अखेर १ कोटी ९५ लाख. यातले बरेच वेगवान इंटरनेटकडे गेले, पण काही स्वस्त डायल-अपकडेही आले. युनायटेड ऑनलाइनचे पैसे भरणारे ग्राहक २००३ पर्यंत वीस लाखांच्या पुढे गेले आणि जून २००३ ला संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनी नफ्यात होती. नोव्हेंबर २००२ मध्ये तिने ब्लूलाइटही ८४ लाख डॉलरला घेतली.

त्याच २००३ मध्ये कंपनीने केलेली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. पानं आधी दाबून लहान करून पाठवणारं सॉफ्टवेअर तिने आणलं आणि त्या सेवेचा दर १४ डॉलर ९५ सेंट ठेवला. तार तीच, मोडेम तोच, पोर्टही तोच. ग्राहकाला पानं लवकर उघडताना दिसत, आणि कंपनीला पाच डॉलर जास्त मिळत, ज्यांतला फार थोडा भाग खर्च होई. एओएलहून तो दर तरीही नऊ डॉलरने कमीच होता. स्वस्त सेवेला दर वाढवायचे असतील तर मूळ दराला हात न लावता वर एक पायरी बांधावी, हे त्यातून दिसतं.

आता दुसरी मंदी. ती डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि १८ महिने चालली. बेरोजगारी ५ टक्क्यांवरून ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेली. पहिलीपेक्षा हा मार कितीतरी मोठा होता. नेटझीरोने ही संधी मानली. कंपनीचे प्रमुख मार्क गोल्डस्टन स्वतः टीव्हीवरच्या जाहिरातीत आले आणि ९ डॉलर ९५ सेंटच्या जोडणीवर या, पैसे वाचवा, असं त्यांनी देशाला सांगितलं.

देशाने काय केलं ते प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत आहे. मे २००८ मध्ये अमेरिकेतल्या ५५ टक्के प्रौढांच्या घरी ब्रॉडबँड होतं आणि १० टक्क्यांकडे डायल-अप. एप्रिल २००९ मध्ये ब्रॉडबँड ६३ टक्क्यांवर गेलं आणि डायल-अप ७ टक्क्यांवर आलं. त्याच अकरा महिन्यांत ब्रॉडबँडचं सरासरी मासिक बिल साडेचौतीस डॉलरवरून ३९ डॉलरवर चढलं. म्हणजे पंचवीस-तीस वर्षांतल्या सर्वांत वाईट मंदीत लोकांनी स्वस्त सेवा सोडली आणि वाढत्या दराची महाग सेवा घेतली. आदल्या वर्षभरात २२ टक्के प्रौढांनी केबल टीव्ही बंद किंवा कमी केला होता. इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी फक्त ९ टक्क्यांनी इंटरनेटच्या बाबतीत तसं केलं.

या आकड्यांमधला एक मात्र मनाला लागतो. वर्षाला २० हजार डॉलरहून कमी उत्पन्न असलेल्या घरांत ब्रॉडबँड मार्च २००७ मध्ये २८ टक्के होतं, २००८ मध्ये ते २५ टक्के झालं. बाकी सगळीकडे वाढत असताना खालच्या पायरीवर ते घटलं. २००९ मध्ये तेही ३५ टक्क्यांवर गेलं. नोकरीचे अर्ज तोवर इंटरनेटवर गेले होते, बँक गेली होती, मुलांचा अभ्यास जात होता. ज्या घराकडे सर्वांत कमी पैसे, त्यालाही ३९ डॉलर मोजणं भाग पडत होतं, कारण १० डॉलरच्या जोडणीवर ती पानं उघडतच नव्हती.

२००१ आणि २००८ मधला फरक इथे आहे. २००१ मध्ये २३ डॉलर ९० सेंटची आणि ९ डॉलर ९५ सेंटची सेवा कामाला सारखीच होती. जून २००० मध्ये ३४ टक्के प्रौढांकडे डायल-अप होतं आणि केवळ ३ टक्क्यांकडे ब्रॉडबँड. अशा वेळी दर कमी असणं एवढंच पुरेसं होतं. २००८ मध्ये तोच दर एका जुन्या झालेल्या मालाचा होता. शिवाय दरातली आघाडीही उरली नव्हती. बेलसाउथ ही दूरसंचार कंपनी विकत घेताना एटी अँड टीला सरकारी अट म्हणून १० डॉलरचं प्राथमिक डीएसएल २००७ मध्ये बाजारात आणावं लागलं होतं. कंपनीने त्याचा फारसा गाजावाजा केला नाही, पण ते होतं. २०११ मध्ये कॉमकास्ट या केबल कंपनीने शाळेत फुकट जेवण घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी ब्रॉडबँड सुरू केलं. त्याचा दर होता बरोबर ९ डॉलर ९५ सेंट. युनायटेड ऑनलाइनने मधल्या काळात डायल-अपमधून आलेला पैसा इतर धंद्यांत घातला, अगदी फुलं पोचवणारी एफटीडी कंपनीही २००८ मध्ये घेतली. २०१६ मध्ये बी. रायली या वित्तसंस्थेने सुमारे १७ कोटी डॉलरला युनायटेड ऑनलाइन घेतली.

तिसऱ्या वेळी, कोविडनंतर, अमेरिकेत बिल भरायला सरकार पुढे आलं. गरजू कुटुंबांच्या बिलातले महिन्याला ३० डॉलरपर्यंत थेट सेवा देणाऱ्या कंपनीला मिळू लागले. सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबं त्यात आली. मे २०२४ अखेर पैसा संपला, योजना थांबली. एप्रिल ते जून २०२४ या तिमाहीत चार्टर या एकाच केबल कंपनीचे इंटरनेट ग्राहक १ लाख ४९ हजारांनी घटले, आणि कंपनीने त्याचं मुख्य कारण योजना थांबणं हेच सांगितलं. २००१ मध्ये जाहिरातदार निघून गेला, २०२४ मध्ये अनुदान. ग्राहकाला न परवडणारा दर दुसऱ्या कोणाच्या खिशातून भागवला, तर तो दुसरा कोणी आपल्या सोयीने येतो आणि सोयीने जातो. स्वतःच्या खिशातून बिल भरणारा माणूस मात्र मंदीतही सहसा इंटरनेट सोडत नाही, वर दिलेले ९ आणि २२ टक्क्यांचे आकडे हेच सांगतात. स्वस्त सेवेचा पाया तोच माणूस आहे.

हे सगळं महाराष्ट्रातल्या वाचकाला दूरचं वाटायचं कारण नाही. २०२० च्या एप्रिल-जून तिमाहीत भारताचं सकल देशांतर्गत उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज आला. त्याच वर्षात, मार्च २०२० ते मार्च २०२१, तारेवरचं ब्रॉडबँड घेणारे सुमारे १ कोटी ९० लाखांवरून २ कोटी २७ लाखांच्या आसपास गेले. बाजार आटला आणि जोडण्या वाढल्या. सप्टेंबर २०२० पासून जिओफायबरने ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ रुपयांना दिला, एअरटेल ४९९ वर आली. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत केबल टीव्हीच्या जोडीने इंटरनेट देणाऱ्या लहान चालकाला त्याच दराशी स्पर्धा करावी लागली.

त्याचं गणित डायल-अपच्या पोर्टांसारखंच आहे. वरून बँडविड्थ घाऊक घ्यायची आणि सगळे एकदम वापरणार नाहीत या भरवशावर ती बऱ्याच घरांत वाटायची. टाळेबंदीत हा भरवसा मोडला. सकाळी दहाला वडिलांची मीटिंग, मुलीची ऑनलाइन शाळा, आणि दोन्ही एकाच वेळी, प्रत्येक घरात. घाऊक बँडविड्थ वाढवणं भाग पडलं, आणि वसुली मात्र पगार अर्धे झालेल्या घरांतून करायची होती. ज्याने दोन ठिकाणांहून लाइन घेतली होती, जो आगाऊ पैसे घेऊन रिचार्ज करत होता, आणि तार तुटली की स्वतः शिडी घेऊन जात होता, तो अशा दिवसांत टिकण्याची शक्यता जास्त. मोठ्या कंपनीकडे न मिळणारी एकच गोष्ट त्याच्यापाशी असते: फोन केल्यावर तासाभरात येणारा माणूस. डायल-अपवाल्या स्वस्त कंपन्यांनी जी मदत परवडत नाही म्हणून काढून टाकली, तीच त्याची खरी मिळकत आहे.

आता ३९९ रुपयांचं बिल जवळून पाहू. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ७१ रुपये ८२ पैसे. ग्राहक भरतो ४७० रुपये ८२ पैसे. युनिफाइड लायसन्सवर चालणाऱ्या सेवादाराला समायोजित सकल महसुलावर ८ टक्के परवाना शुल्क द्यावं लागतं. सगळे ३९९ त्यात धरले तर ३१ रुपये ९२ पैसे. दोन्ही मिळून १०३ रुपये ७४ पैसे, ग्राहकाने दिलेल्या पैशांच्या २२ टक्के. परवाना शुल्काच्या ८ टक्क्यांतला ५ टक्क्यांचा भाग, म्हणजे १९ रुपये ९५ पैसे, ग्रामीण आणि दुर्गम भागात सेवा पोचवण्याच्या निधीत जातो. तालुक्याच्या गावात स्वतःच्या पैशाने तार ओढणाऱ्याकडूनही तो घेतला जातो. चालकाच्या हाती उरतात ३६७ रुपये, आणि त्यातून बँडविड्थ, वीज, खांबांचं भाडं, माणसांचे पगार.

तारेवरचं ब्रॉडबँड वाढवणाऱ्या कंपन्यांना परवाना शुल्कात सूट द्यावी, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ऑगस्ट २०२१ मध्ये केली होती. अनुदानाची नवी योजना आखण्यापेक्षा ही सूट देणं सोपं आहे. ती वर्षाच्या शेवटी संपणाऱ्या निधीवर अवलंबून नाही. सरकारने किमान पाचशे रुपयांच्या आतल्या घरगुती बिलांवरचं परवाना शुल्क पुढच्या मंदीची वाट न पाहता रद्द करावं.